बलराम सर गेले, रविवारी मॅचच्या आधी पोरांना दोन मिनिटांत काय सांगू?

डावी_बाजू:
काल, १६ फेब्रुवारी २०२३ ला आपले जुने फुटबॉलपटू तुलसीदास बलराम गेले. बातमी वाचल्यापासून मन लागत नाहीये. आधी २० मार्च २०२० ला पीके बॅनर्जी गेले, मग त्याच वर्षी ३० एप्रिलला चुनी गोस्वामी आणि आता बलराम. म्हणजे पीके-चुनी-बलराम हे जे तीन नावं आपण एका दमात घ्यायचो त्यातलं आता कुणीच उरलं नाही.

मी पंधरा वर्षांखालच्या पोरांना शिकवतो. रविवारी आमची मॅच आहे आणि सुरू व्हायच्या आधी एक मिनिट शांत उभं राहायचं ठरवलंय. काल प्रॅक्टिसला सांगितलं तर एकालाही नाव माहीत नव्हतं. पोरांचा दोष नाही, डिसेंबरमध्ये रात्र रात्र जागून वर्ल्ड कप बघणारी पोरं आहेत, त्यांना एमबाप्पेचे फायनलमधले तिन्ही गोल पाठ आहेत, पण बलराम कोण हे त्यांना कुणी सांगितलंच नाही. ज्याचं नावही माहीत नाही त्याच्यासाठी मान खाली घालून उभं राहायला सांगणं मला बरं वाटत नाही. दोन मिनिटं बोलणार आहे. काय सांगू? १९६२ च्या एशियन गेम्सचं गोल्ड, अर्जुन अवॉर्ड हे मला माहितीये, पण तेवढंच सांगितलं तर ते पुस्तकातल्या धड्यासारखं होईल.

थ्रो_इन:
दादा, आधी तुमचे आभार, हे करताय म्हणून.

अवॉर्ड शेवटी सांगा किंवा नाही सांगितलं तरी चालेल. सायकलीपासून सुरू करा. सिकंदराबादच्या अम्मुगुडा भागातला गरीब घरातला पोरगा, भारताच्या टीमचे कोच रहीम साहेबांनी त्याला हेरलं आणि हैदराबादला सरावाला ये म्हणाले, तर याच्याकडे रोज तिथपर्यंत जायला पैसे नाहीत, आणि मग सायकलीच्या भाड्याची सोय रहीम साहेबांनीच केली असं सांगतात. पंधरा वर्षांच्या पोराला हे लगेच कळेल, कारण तुमच्या टीममध्येही असं एखादं पोरगं असणारच, शूज नाहीत म्हणून न येणारं. आणि तोच पोरगा १९५६ ला मेलबर्न ऑलिम्पिकच्या टीममध्ये होता, ज्या टीमने चौथा नंबर मिळवला.

ग्राउंडवरचा_काका:
मी स्वतः त्यांना खेळताना पाहिलेलं नाही, वय तेवढं नाही माझं, पण माझे थोरले काका नोकरीनिमित्त कलकत्त्याला होते आणि १९६१ चा सीझन त्यांनी मैदानावर जाऊन बघितला. त्या वर्षी बलराम तिथल्या ईस्ट बंगाल क्लबचे कॅप्टन, कलकत्ता लीग जिंकली आणि लीगमध्ये सगळ्यात जास्त गोल त्यांचेच, २३. काका गोलांबद्दल फार बोलायचे नाहीत. ते सांगायचे की हा माणूस लेफ्ट विंगला असायचा पण बॉल यायची वाट बघत लाइनला चिकटून उभा नाही राहायचा, मागे यायचा, हाफबॅकच्या, म्हणजे मधल्या फळीतल्या खेळाडूच्या, पायातून बॉल घ्यायचा आणि तिथून पुढे सगळं स्वतः उभं करायचा. आज विंगरला मागे धाव म्हणून कोच ओरडून ओरडून थकतात. हे सांगा तुमच्या विंगरना, लगेच कान टवकारतील.

आणि रोम विसरू नका. १९६० चं ऑलिम्पिक. आपल्या ग्रुपला हंगेरी, फ्रान्स, पेरू. हंगेरीच्या टीममध्ये फ्लोरियान अल्बर्ट, जो पुढे १९६७ ला बॅलन डी'ओर, म्हणजे युरोपातल्या सर्वोत्तम खेळाडूचं अवॉर्ड, जिंकला. त्या हंगेरीशी आपण २-१ ने हरलो आणि आपला तो एक गोल बलरामचा. फ्रान्सशी १-१, तो गोल पीकेंचा. पेरूशी ३-१ हरलो, गोल परत बलरामचाच. तीन मॅच, एकही जिंकलो नाही, तरीसुद्धा काका त्या तीन मॅचबद्दल जकार्ताच्या १९६२ च्या गोल्डपेक्षा जास्त बोलायचे. हंगेरीला त्या वेळी ब्राँझ मिळालं, आणि त्यांना आपण शेवटच्या दहा-बारा मिनिटांत घाम फोडला होता.

नव्वद_मिनिटं:
काकांशी रोमबद्दल सहमत, पण पोरांसाठी जकार्ताच पाहिजे, कारण त्यात गोष्ट आहे. दादा, हे असं सांगून बघा.

१९६२ च्या जकार्ता एशियन गेम्स. पहिलीच मॅच दक्षिण कोरियाशी, २-० हार. तिथून थायलंडला ४-१, मग जपानला २-०, ज्यात एक पीकेंचा आणि एक बलरामचा. सेमीफायनलला दक्षिण व्हिएतनाम ३-२. आणि फायनलला समोर परत तोच कोरिया. तोपर्यंत सगळं शहर भारताच्या विरोधात गेलेलं, कारण इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवानच्या खेळाडूंना येऊ दिलं नाही आणि त्यावर आपले क्रीडा पदाधिकारी गुरुदत्त सोंधींनी आवाज उठवला, म्हणून भारताच्या दूतावासावर जमाव चालून गेला. अशा स्टेडियममध्ये ४ सप्टेंबरला आपली पोरं उतरली. डोक्याला टाके घातलेला जरनैल सिंग, जो खरं म्हणजे डिफेंडर, त्याला रहीम साहेबांनी पुढे खेळवलं. पहिल्या वीस मिनिटांत पीके आणि जरनैल यांचे दोन गोल, २-१ ने गोल्ड. रहीम साहेब तेव्हा कॅन्सरने आजारी होते, पुढच्या वर्षी जूनमध्ये गेले.

त्या टीमच्या मधल्या फळीत फोर्तुनातो फ्रँको होते, मुंबईच्या टाटाकडून खेळणारे, तेही २०२१ ला गेले. जमलं तर त्यांचंही नाव घ्या, आपल्याकडे खेळलेला माणूस होता तो.

उभी_टाळी:
माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नका. शांततेऐवजी एक मिनिट टाळ्या वाजवा. चुनीदा गेले तेव्हा लॉकडाऊन होतं, ज्या माणसाने सगळं क्लब फुटबॉल फक्त कलकत्त्याच्या मोहन बागानकडून खेळलं त्याला निरोप द्यायला मैदानावर कुणी जमूच शकलं नाही. तेव्हापासून मला ती शांतता नको वाटते. आता जमता येतंय तर आवाज होऊ द्या.

डावी_बाजू:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल मॅच झाली. सायकल आणि हंगेरी एवढंच सांगितलं, जकार्ता परतीच्या बसमध्ये सांगितलं कारण तेव्हा वेळ होता. आधी शांत उभे राहिलो आणि मग टाळ्या, समोरच्या टीमनेही वाजवल्या, त्यांच्या कोचने येऊन हात मिळवला. शेवटी मी एवढंच म्हणालो की फुप्फुसाच्या आजारामुळे १९६३ ला, वयाच्या पंचविशीत-सत्ताविशीत, त्यांना खेळ सोडावा लागला, आणि तिथे माझा गळा दाटून आला, पुढे बोलता आलं नाही.

आमचा लेफ्ट विंगर, तेरा वर्षांचा आहे, मॅचनंतर आला आणि विचारलं, सर, मग त्यांच्या त्या दोन मित्रांनी पण सोडलं का? मला नीट सांगता आलं नाही.

ग्राउंडवरचा_काका:
त्याला सांग, चुनीदांनी पण १९६४ ला भारताकडून खेळणं थांबवलं, त्याच वर्षी आपण फुटबॉलच्या आशिया कपला दुसरे आलो होतो. मग ते बंगालकडून रणजी क्रिकेट खेळले आणि १९७१-७२ ला फायनलला बंगालचे कॅप्टन होते, समोर मुंबई होती, जिंकली मुंबईच. पीकेदा त्यानंतरही काही वर्षं खेळले आणि मग कोच झाले, १९७० ला बँकॉकला भारताला एशियन गेम्सचं ब्राँझ मिळालं तेव्हा टीमच्या कोचिंगमध्ये ते होते. आणि बलराम कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्याला राहिले, शेवटपर्यंत बंगालमध्येच, सिकंदराबादला परत गेले नाहीत. पुढच्या प्रॅक्टिसला त्या पोराला हे आठवणीने सांग, विचारलंय त्याने.