मदत हवी आहे : शी-शूची सवय आत्ता लावावी की थोडे थांबावे?

माझा मुलगा २२ महिन्यांचा आहे. दुपारच्या झोपेनंतर त्याचा डायपर बहुतेक वेळा कोरडा असतो आणि एरवीही तो दोन-दोन तास कोरडा राहतो. मात्र शी येऊ लागली की तो पडद्यामागे जाऊन उभा राहतो आणि सगळे उरकल्यावरच "शी" म्हणून सांगतो. तीन आठवडे आम्ही त्याला सकाळी दूध प्यायल्यावर पॉटीवर बसवत होतो. सुरुवातीला तो हौसेने बसला, नंतर पॉटी दिसताच अंग ताठ करू लागला, आणि गेल्या आठवड्यात त्याने दोन दिवस शी रोखून धरल्यामुळे आम्ही ते थांबवले. (डॉक्टरांना दाखवले आहे, काळजीचे कारण नाही, असे त्यांनी सांगितले.) गंमत म्हणजे सासूबाई जुन्या पद्धतीने पायांवर बसवून "शूऽऽ" करतात तेव्हा शू होते. आम्ही दोघेही नोकरी करतो, पाळणाघरात दिवसभर डायपरच असतो, आणि या पावसात चड्ड्या वाळत नाहीत, हीही अडचण आहेच.

अशा स्थितीत महिनाभर सर्वच थांबवून नव्याने सुरुवात करावी, की शी डायपरमध्ये होऊ देऊन फक्त शूची सवय चालू ठेवावी. आणि पाळणाघरात डायपर व घरी चड्डी असे ठेवल्यास मूल गोंधळते का?