मदत हवी आहे: डावखुऱ्या मुलीसाठी पहिली सेमी-ऑटोमॅटिक .२२ रायफल

नमस्कार मंडळी,

मी मूळची कोल्हापूरची, आता बरीच वर्षं ओहायोत. मुलगी चौदा वर्षांची आहे, डावखुरी आहे आणि तिला रायफल नेमबाजी शिकायची आहे. घरातली पहिली रायफल घ्यायची आहे. दुकानात विचारून झालं, रेंजवर विचारून झालं. प्रत्येक जण आपल्या आवडीची बंदूक सांगतो, आमच्या पोरीला काय झेपेल ते कुणी विचारत नाही. म्हणून इथे सविस्तर लिहितेय. अमेरिकेत नेमबाजी करणाऱ्यांनी सांगावंच, पण भारतात मुलांना रेंजवर घेऊन जाणाऱ्या आईवडिलांचंही ऐकायचं आहे.

हे खूळ आलं कुठून, ते आधी सांगते. १ ऑगस्ट २०२४ ला स्वप्नील कुसाळेची पॅरिस ऑलिंपिकची रायफल फायनल आमच्याकडे पहाटे साडेतीनला होती. मी गजर लावून उठले, आवाज बंद करून बघत बसले होते. कधीतरी मुलगी खाली आली आणि पांघरूण घेऊन शेजारी बसली. कांबळवाडीच्या मुलाला ब्राँझ मिळालं तेव्हा मी रडत होते आणि ती विचारत होती, "आई, हे लोक इतके शांत कसे राहतात?" २०१० साली तेजस्विनी सावंत म्युनिकला जगज्जेती झाली, तेव्हाही मी परदेशातच होते आणि अशीच एकटीने रडले होते. कॉलेजात एनसीसीत मी .२२ ची डिलक्स रायफल चालवली आहे. ताडपत्रीवर पालथं पडायचं, पाच गोळ्या मिळायच्या, त्या पाचांचा ग्रुप किती लहान येतो ते बघायचं. फायरिंग झालं की पुंगळ्या मोजून परत द्यायच्या, एक कमी असली तरी सगळ्या मुली गवतात शोधत बसायच्या. ती शिस्त अंगात भिनली ती कायमची. मला मुलीला नेमकं तेच द्यायचं आहे.

आमच्या राज्यातच, एरी सरोवराच्या काठी कॅम्प पेरी आहे. तिथे १९०७ पासून राष्ट्रीय सामने होतात. त्यात सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅम या संस्थेचा 'रिमफायर स्पोर्टर' नावाचा प्रकार आहे. साधी, बाजारात मिळते तशी .२२ रायफल चालते, हजारो डॉलरची सामग्री लागत नाही. ५० यार्डांवर झोपून आणि बसून, २५ यार्डांवर उभं राहून, एकूण ६० गोळ्या, ६०० गुण. रायफलचं वजन पट्टा आणि दुर्बिणीसकट साडेसात पौंडांच्या आत हवं, चाप ओढायला किमान ३ पौंडांचा जोर लागायला हवा, दुर्बीण लावली तर ६ पटींपर्यंतचीच. मुलीला तिथे उतरायचं आहे. यंदा नाही, दोन वर्षांनी चालेल.

आता खरी अडचण सांगते. मागच्या महिन्यात एका रेंजवर भाड्याने सेमी-ऑटोमॅटिक रायफल (एक गोळी सुटली की पुढची आपोआप भरते ती) घेऊन तिला पहिल्यांदा गोळ्या मारायला दिल्या. पहिल्या सहा छान गेल्या. सातवीची पुंगळी बाहेर पडताना बोल्टच्या, म्हणजे गोळी नळीत ढकलणाऱ्या दट्ट्याच्या, तोंडात उभीच अडकली. "आई, अडकलंय," म्हणत ती माझ्याकडे वळली आणि तिच्याबरोबर नळीही वळली. बोट चापावर नव्हतं, चापाच्या कडीबाहेर सरळ ठेवलेलं होतं, एवढं ती शिकलेली होती. रेंज ऑफिसरने दोन पावलांत येऊन नळीवर तळहात ठेवला आणि ती परत लक्ष्याकडे वळवली. तो ओरडला नाही. "अडकलं तरी नळी तिकडेच, आणि आधी मला हाक मार," एवढंच बोलला. मुलगी गाडीत रडली. चूक तिची नव्हती, माझी होती. रायफल अडकली तर काय करायचं ते मी आधी शिकवलंच नव्हतं, कारण आमच्या एनसीसीच्या रायफलचा बोल्ट हाताने मागेपुढे करायचा असे आणि ती कधी अशी अडकल्याचं मला आठवत नाही.

त्या दिवसापासून नवरा म्हणतोय की पहिली रायफल बोल्टचीच घे. त्याच्या बोलण्यात तथ्य आहे. प्रत्येक गोळीनंतर हात थांबतो, बोल्ट उघडतो, पुंगळी डोळ्यांना दिसते, पुढची गोळी मुद्दाम भरावी लागते. सावेजची मार्क टू डावखुऱ्यांसाठी मिळते, बोल्टचा दांडा डावीकडे असलेली. शिवाय स्पोर्टर सामन्यात जलद फेरीच्या पाच गोळ्यांना सेमी-ऑटोला २५ सेकंद देतात आणि बोल्टवाल्यांना ३०, म्हणजे बोल्ट घेऊन उतरलं तर अगदीच मागे पडतो असंही नाही.

पण मुलीचा जीव सेमी-ऑटोवर आहे आणि तिचं कारण मला पटतं. बोल्ट मारताना तिचं डोकं दस्त्यावरून उचललं जातं, खांद्याची जागा बदलते, प्रत्येक गोळीला सगळं पुन्हा जुळवावं लागतं. सेमी-ऑटोत गाल दस्त्याला टेकलेला राहतो आणि आपण हललो की नाही ते लगेच कळतं. तिने मला हे स्वतःच्या शब्दांत सांगितलं, कुठे वाचून नाही. म्हणून माझा कल रूगर १०/२२ कडे आहे. १९६४ पासून हीच रचना चालू आहे, सुटे भाग कुठेही मिळतात, दहा गोळ्यांचं गोल फिरणारं मॅगझिन बुडाशी सपाट बसतं, वर दुर्बिणीची पट्टी सोबत येते. एक गोष्ट मात्र खटकते. शेवटची गोळी सुटल्यावर हिचा बोल्ट आपोआप उघडा राहत नाही. नवशिक्याला रायफल रिकामी झाल्याचं दिसायला हवं. सामन्यात चेंबरमध्ये, म्हणजे गोळी बसते त्या जागी, रंगीत झेंडी घालायचा नियम आहेच. आम्ही तो घरीही पाळणार.

डावखुऱ्यांनी मला कृपया दोन गोष्टी सांगाव्यात. १०/२२ ची पुंगळी उजवीकडे उडते, म्हणजे डाव्या खांद्यावर रायफल असलेल्या मुलीच्या तोंडासमोरून. चष्मा तर घालणारच, पण धूर आणि शिसं मिसळलेली काजळी चेहऱ्यावर येते का? आणि सेफ्टीचं बटण उजव्या हाताच्या तर्जनीसाठी बसवलेलं आहे, डाव्या हाताने ते अंगठ्याने ढकलावं लागेल. सवय होते की बटण बदलून घ्यावं?

दुसरा प्रश्न मापाचा, आणि मला वाटतं सगळ्यांत महत्त्वाचा हाच आहे. रेंजवरच्या रायफलचा दस्ता तिला लांब होता. चापापर्यंत बोट पोचावं म्हणून ती मान पुढे ताणत होती आणि पाठीला मागे बाक देत होती, म्हणजे नळीचं सगळं वजन कमरेवर. साध्या १०/२२ चा दस्ता चापापासून खांद्यापर्यंत १३.५ इंच आहे, तिच्याच लहान 'कॉम्पॅक्ट' प्रकाराचा १२.७५. पाऊण इंच फरक कागदावर काहीच नाही. पण घरी झाडूच्या दांड्यावर खुणा करून तिला धरायला लावलं तेव्हा १२.७५ च्या खुणेला तिचा गाल आपसूक खाली आला. मुलगी वाढतेय, वर्षभरात ही मोजमापं बदलणार. कॉम्पॅक्ट घ्यावी, की मोठी घेऊन तिला पट्ट्या घालून लांबी कमी-जास्त करता येणारा दस्ता लावावा?

दुर्बीण की साधी माशी, यावर मी ठाम आहे: पहिले सहा महिने दुर्बीण नाही. मागे छिद्राचं साइट आणि पुढे खांब, बस. दुर्बिणीत स्वतःची थरथर मोठी दिसते आणि नवं माणूस ती दाबायला चाप खेचतं. कुणाचं मत वेगळं असेल तर जरूर सांगा. नंतर घेऊ तेव्हा .२२ साठीचीच घेऊ, जिचा पॅरॅलॅक्स ५० यार्डांना जुळवलेला असतो. मोठ्या रायफलींच्या दुर्बिणी १०० यार्डांना किंवा त्याहून पुढे जुळवतात, आणि मग २५ यार्डांवर डोळा जरा हलला तरी रेघ लक्ष्यावरून सरकल्यासारखी दिसते.

चापाबद्दल: कारखान्यातून येणारा १०/२२ चा चाप जड असतो, तिच्या बोटाला तर नक्कीच. रूगरचाच बीएक्स चाप लावला तर तो अडीच ते तीन पौंडांचा सांगतात, आणि नियम किमान तीनचा आहे. ज्यांनी तो लावून सामन्यात वजन करून घेतलंय त्यांचा काय अनुभव?

गोळ्यांसाठी मी वेगवेगळ्या चार प्रकारांच्या एकेक पेट्या आणून २५ यार्डांवर पाच-पाचचे ग्रुप मारून बघणार आहे. प्रत्येक नळीची आवड वेगळी असते, हे एनसीसीतही उस्ताद सांगायचे. साध्या वेगाची, सेकंदाला १०७० फुटांच्या आसपासची गोळी आवाजाच्या वेगाखाली राहते आणि ग्रुप बहुधा चांगला देते. पण फार मवाळ गोळीने बोल्ट पुरता मागे जात नाही आणि पुंगळी अडकते. त्या दिवशी तेच झालं असेल असा मला संशय आहे.

घरात बंदूक ठेवायची, तर तिजोरी रायफलच्या आधी येणार. गोळ्या दुसऱ्या कपाटात, दुसरी किल्ली. किल्ल्या आम्हा दोघांकडेच. रेंजवरून आल्यावर आधी हात साबणाने धुवायचे, मग डबा उघडायचा, हेही ठरलंय, शिसं पोटात जायला नको.

इथल्या नव्या मराठी मंडळींसाठी एक गोष्ट लिहूनच ठेवते, कारण मला ती फार उशिरा कळली. एच-वन, एच-फोर अशा व्हिसावर असाल तर, शिकारीचा वैध परवाना यासारखे मोजके अपवाद सोडले, तर केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगता येत नाही. विकत घेणं सोडाच, रेंजवर भाड्याने घेऊन चालवणंही त्यात येतं. दुकानात ४४७३ नंबरचा फॉर्म भरावा लागतो, त्यात हे स्पष्ट विचारतात आणि खोटं लिहिणं गुन्हा आहे. आम्ही ग्रीनकार्ड हातात येईपर्यंत या वाटेला गेलो नाही. मित्र सहज म्हणाला म्हणून त्याची बंदूक हातात घेऊ नका.

दहा दिवसांनंतरची भर

सगळ्यांचे मनापासून आभार. बोल्ट की सेमी-ऑटो, याचं उत्तर तुमच्यातल्या दोघांनी इतकं सोपं दिलं की मला आधी का सुचलं नाही असं झालं: १०/२२ घ्या आणि पहिले काही महिने मॅगझिनमध्ये एकच गोळी भरा. गोळी मारायची, नळी लक्ष्याकडेच ठेवून मॅगझिन काढायचं, बोल्ट ओढून चेंबर बघायचा, झेंडी घालायची. मग पुढची. नवऱ्यालाही हे पटलं. खोटी काडतुसं आणून अडकलेली रायफल कशी हाताळायची याचा सरावही सुरू केलाय, सध्या झाडूवर.

पण एका प्रतिसादाने सगळंच उलटंपालटं केलं. "मुलगी डावखुरी आहे ते कळलं, पण तिचा जोरकस डोळा कुठला?" जोरकस डोळा म्हणजे नेम धरताना मेंदू ज्याचं ऐकतो तो. मी हे तपासलंच नव्हतं. दोन्ही हात लांब करून अंगठे आणि बोटं जुळवून त्रिकोण करायचा, त्यातून भिंतीवरचं घड्याळ बघायचं आणि एकेक डोळा मिटायचा. डावा मिटला तर घड्याळ त्रिकोणातच. उजवा मिटला की घड्याळ नाहीसं. चार वेळा केलं, दिवाणखान्यात केलं, अंगणात केलं. हात डावा आणि डोळा उजवा.

म्हणजे रायफल उजव्या खांद्याला लावली तर पुंगळीचा प्रश्न नाही, सेफ्टीचा नाही, डावखुऱ्यांची म्हणून काही शोधायला नको. इथले प्रशिक्षकही हेच सांगतात की डोळ्याच्या बाजूने जा. आणि माझं मन तयार होत नाहीये. माझा धाकटा भाऊ डावखुरा. जेवताना डावा हात पुढे आला की आजी त्याच्या मनगटावर पळी मारायची. पाटीवरही उजव्याच हाताने लिहायला लावलं, आणि पाचवीपर्यंत तो बोलताना अडखळायचा. मुलगी पहिल्यांदा डाव्या हाताने खडू धरून उभी राहिली, त्या दिवशी मी ठरवलं होतं की हिचा हात कुणी बदलायचा नाही, मीही नाही.

मुलीला विचारलं तर ती म्हणते, "दोन्ही करून बघू ना." तिच्या आवाजात काही दडपण नव्हतं. दडपण माझ्यावर आहे.

म्हणून आता प्रश्न बदललाय. हात एक आणि डोळा दुसरा अशी मुलं ज्यांनी शिकवली आहेत किंवा जे स्वतः तसे आहेत, त्यांनी सांगा: तुम्ही खांदा बदललात, की डावा खांदा ठेवून चष्म्याच्या उजव्या काचेवर पट्टी लावलीत? खांदा बदलला तर चाप ओढणाऱ्या बोटाला किती दिवस परकं वाटलं? शनिवारी सकाळी रेंजची वेळ घेतली आहे, ओळखीच्या एका प्रशिक्षकाची कॉम्पॅक्ट मिळणार आहे. दोन्ही खांद्यांवरून पाच-पाच गोळ्या मारायला लावणार आहे, एकेक भरून. त्याआधी उत्तर मिळालं तर फार बरं होईल.