व्हॉल्व्ह रेडिओ: आवाज फाटतो, ईएल ८४ लाल होतो

आजोबांचा रेडिओ वीसेक वर्षं माळ्यावर पडून होता. काल लावला. मॅजिक आय (ट्यूनिंग दाखवणारी चमकती काच) हिरवी झाली, स्टेशनही लागलं. पण आवाज फाटका, मागे जाड घुंऽऽ. ईएल ८४, म्हणजे स्पीकरला आवाज पुरवणारा काचेचा व्हॉल्व्ह, त्याची आतली धातूची प्लेट लालबुंद दिसते. व्हॉल्व्ह गेला का?

— आधी प्लग काढा! व्हॉल्व्ह बहुधा निर्दोष आहे. त्याच्या ग्रिडला (करंट कमी-जास्त करणाऱ्या जाळीला) येणारा कागदी कपॅसिटर गळत असणार, म्हणजे डीसी व्होल्टेज पुढे सोडत असणार. ग्रिडवर जवळपास शून्य व्होल्ट हवेत. दोन-चार पॉझिटिव्ह चढले की भरमसाट करंट जातो. तेवढ्याच मूल्याचा ६३० व्होल्टचा फिल्म कपॅसिटर लावा. मी हे न तपासता नवा व्हॉल्व्ह बसवला आणि तोही गमावला. अजून हळहळ वाटते.

— घुं साठी फिल्टरचे इलेक्ट्रोलिटिक (सप्लाय सपाट करणारे मोठे कपॅसिटर) बघा. बंद केल्यावरही त्यांत २५०-३०० व्होल्ट उरू शकतात. रेझिस्टरने रिकामे करा, मीटरने खात्री करा, मगच हात घाला. चालू करताना ६० वॅटचा जुना तारेचा बल्ब रेडिओच्या सप्लायला सिरीजमध्ये ठेवा, म्हणजे जादा करंट आवरतो.

— दादा, कपॅसिटर बदलला! जुन्याचं मेण चेसिसवर ओघळून धुळीत थिजलं होतं. लाली गेली, आवाज मोकळा झाला. घुं थोडी आहे, फिल्टर रविवारी.