तीन भाषांची वेबसाइट: पानं एकमेकांना बांधलेली हवीत की सुटी?

खानापूरकर
आमच्या बेळगाव भागात पतसंस्था, शाळा, बियाण्यांची दुकानं सगळेच आता मराठी-कन्नड-इंग्रजी साइट करून घेतायत. करून देणारा बहुतेकदा प्रत्येक भाषेची पानं सुटी टाकून मोकळा होतो. मग ठेवीचा दर बदलतो, कन्नड पान सुधारलं जातं, मराठीवर जुनाच दर राहतो आणि काउंटरवर भांडण. माझं मत: तिन्ही पानं एकमेकांना बांधलेलीच हवीत, आणि एक बदललं की उरलेल्या दोन्हींवर ‘जुनं झालं’ अशी खूण पडायला हवी. साइट बनवायच्या ड्रूपल या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय गाभ्यातच आहे, वेगळं काही जोडावं लागत नाही. वर्डप्रेस या तसल्याच सॉफ्टवेअरला डब्ल्यूपीएमएल हे वरून जोडायचं प्लगइन आहे.

निपाणीहून
ड्रूपलची ती खूण आपोआप पडत नाही हो, बदल करणाऱ्यानं चौकटीत टिक करावी लागते. आणि पडली तरी पुढे काय? ऑफिसातला क्लार्क कन्नड टाइप करतो, मराठी करणारा पोरगा पुण्यात. खूण बघत बसायची नुसती. त्यापेक्षा दर, वेळा, सूचना, अर्ज एवढंच तिन्ही भाषांत ठेवा. अध्यक्षांचं मनोगत तिन्ही भाषांत कुणी वाचतं काय?

खानापूरकर
अध्यक्ष स्वतः वाचतात की! पण मराठीवर टिचकी मारून कन्नड पान उघडलं तर आमच्याकडे माणूस ‘मुद्दाम केलंय’ म्हणतो. इथं तो वाद साइटवाल्याला परवडत नाही.

टिळकवाडी कट्टा
मग पान नसेल तिथं त्या भाषेचं बटणच दाखवू नका. आणि मूळ घोळ वेगळाच आहे. व्याजदर, तारीख, फोन नंबर ही भाषांतराची वस्तूच नाही. ते डेटाबेसमध्ये एकदाच साठवा, तिन्ही पानांनी तिथूनच उचलावं. अंक देवनागरी की कन्नड, हे दाखवताना ठरतं. निम्मी भांडणं तिथंच मिटतील. गूगलसाठी एचरेफलँगही, म्हणजे हेच पान दुसऱ्या भाषेत कुठं आहे ते सांगणारी कोडमधली ओळ, दोन्हीकडून लावा. मराठी पान कन्नडकडे बोट दाखवतंय आणि कन्नड पान उलट दाखवत नसेल, तर गूगल ती जोडी धरत नाही.

चिकोडीकर
एवढा खटाटोप कशाला राव? मशीनवर टाका. गूगल ट्रान्सलेटला कन्नड २०११ पासून आहे, मराठी २०१३ पासून.

टिळकवाडी कट्टा
सुट्टीची सूचना टाका खुशाल. कर्जाच्या अटीत जामीनदाराची जबाबदारी उलटीपालटी झाली तर कोर्टात मशीनला उभं करणार काय? अटी माणसानं वाचल्याशिवाय चढवू नयेत, मग उशीर झाला तरी चालेल.

खानापूरकर
हे पटलं. अजून एक, ठिकाण ओळखून आपोआप भाषा उघडणं इथं बंदच ठेवा. कर्नाटक दिसलं की कन्नड उघडणार, आणि समोरचा असणार निपाणीचा मराठी माणूस. फोनच्या भाषेवर जावं तर निम्म्यांचे फोन इंग्रजीत. वर ठळक बटणं द्या, प्रत्येक भाषेचं नाव तिच्याच लिपीत, आणि एकदा निवडलं की लक्षात ठेवा.

निपाणीहून
बटणं ठीक. पण माझा प्रश्न तसाच राहिला. कोटेशनमध्ये भाषांतर एकदाच धरलेलं असतं, साइट चढली की संपलं. पुढच्या बदलांचे पैसे कोण देणार? वर्षभराच्या देखभालीत शब्दांमागे दर ठरवून घ्या, नाहीतर बांधलेली पानंही जुनीच राहणार.

चिकोडीकर
संचालक मंडळ तो खर्च मंजूर करील होय?