मदत हवी आहे: फक्त अक्षरावरून काळ कसा ठरवतात?

मँचेस्टरच्या जॉन रायलँड्स ग्रंथालयातल्या पी ५२ या पपायरसच्या (लव्हाळ्यासारख्या वनस्पतीपासून बनवलेल्या प्राचीन कागदाच्या) तुकड्याबद्दल विचारायचं आहे. आकार जेमतेम ९ बाय ६ सेंटिमीटर. दोन्ही बाजूंना ग्रीक मजकूर: बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या १८व्या अध्यायातल्या काही ओळी, रोमन सुभेदार पिलातासमोर येशूची चौकशी. म्हणजे गुंडाळी नव्हे, पानांचं पुस्तक. मला तर हे विलक्षणच वाटतं!

१९३५ मध्ये पपायरसचे अभ्यासक कॉलिन रॉबर्ट्स यांनी तो दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातला ठरवला, तो अक्षरांच्या वळणावरून. २००५ मध्ये दुसरे अभ्यासक ब्रेंट नोंगब्री यांनी दाखवलं की तसं वळण बऱ्याच नंतरच्या कागदपत्रांतही सापडतं. मग अशा तुलनेत नेमकं काय बघतात? किती वर्षांचा फरक गृहीत धरतात? जुन्या लिप्यांचा अभ्यास असलेलं कुणी समजावून सांगाल का? मराठीत काही वाचायला असेल तर तेही सुचवा.