पर्वतकुट्यांचा इतिहास, आणि हिवाळ्यात त्यांच्यावर कितपत विसंबावे?

प्रश्न : हिमरेषा

नमस्कार. उन्हाळ्यात पायी आणि हिवाळा सरताना स्कीवर असे अनेक दिवसांचे मार्ग आखायला बसले, की मुक्कामाच्या बाबतीत माझा गोंधळ उडतो. आल्प्समधील बहुतेक पर्वतकुट्यांत संध्याकाळी ठरलेल्या वेळी गरम जेवण समोर येते. नॉर्वेतील अनेक कुट्यांचे कुलूप आपणच उघडायचे, कपाटातील डबे आपणच काढायचे आणि हिशेबही आपणच मांडायचा असतो. स्कॉटलंडमधील निवाऱ्याचे दार सदैव उघडे असले, तरी आत चार भिंती आणि झोपायच्या फळ्या यांखेरीज फारसे काही सापडत नाही. एकाच गरजेपोटी उभ्या राहिलेल्या वास्तूंमध्ये इतका फरक कसा पडला, हे जाणकारांनी सांगावे. दुसरा प्रश्न व्यावहारिक आहे. नकाशावर कुटीचे चिन्ह दिसते, एवढ्या आधारावर मार्च-एप्रिलमध्ये तेथे निवारा मिळेल असे धरून चालावे का?

प्रतिसाद १ : कडेकपारी

गरज एकच होती, हे गृहीतकच आधी तपासावे लागेल. इसवी सन १०५०च्या सुमारास ग्रेट सेंट बर्नार्ड खिंडीत, सुमारे २,४७० मीटर उंचीवर, संत बर्नार्ड यांनी जो आश्रय उभारला तो खिंड ओलांडणे ज्यांना भागच होते अशा व्यापाऱ्यांसाठी आणि यात्रेकरूंसाठी होता. शिखरावर चढण्याची हौस त्या काळी कोणाला नव्हती. तो आश्रय आजही चालू आहे आणि हिवाळ्यात खिंडीचा रस्ता बर्फाखाली गेल्यावर तेथे केवळ स्कीवर किंवा बर्फावर चालण्याच्या पसरट जोड्यांवर पोहोचता येते. १९६४मध्ये खालून बोगदा झाल्यापासून वाहतुकीला त्या खिंडीची गरज उरली नाही, आणि जेथे लोक नाइलाजाने थांबत तेथे आता हौसेने जातात.

गिर्यारोहकांच्या कुटीचा उगम वेगळ्या हिशेबात आहे. पहाटेपर्यंत गोठलेला बर्फ कडक असतो आणि हिमनदीतील भेगांवरचे बर्फाचे पूल भार पेलतात. ऊन चढले की तेच पूल धोक्याचे होतात आणि वरून दगडही सुटू लागतात. त्यामुळे शिखराची चढाई मध्यरात्रीनंतर लवकर सुरू करावी लागते, आणि ते दरीतल्या गावातून जमण्यासारखे नसते. १७९९मध्ये ऑस्ट्रियातील ग्रोसग्लोकनर या शिखराच्या मोहिमेसाठी गुर्कचे बिशप साल्म यांनी डोंगरावर कुटी बांधून घेतली आणि पुढच्याच वर्षी ते शिखर सर झाले. माँ ब्लाँच्या वाटेवर ग्राँ म्यूले येथील खडकावर १८५३मध्ये कुटी उभी राहिली, तिच्यामागचे कारणही हेच होते. म्हणून अशा कुटीची जागा सोयीची नसते, ती चढाईच्या वेळापत्रकावरून ठरलेली असते.

यानंतर गिर्यारोहण मंडळांचा काळ येतो. लंडनचे अल्पाइन क्लब १८५७चे, ऑस्ट्रियाचे मंडळ १८६२चे, स्वित्झर्लंड आणि इटली यांची १८६३ची, जर्मनीचे १८६९चे आणि फ्रान्सचे १८७४चे. स्विस मंडळाने स्थापनेच्या वर्षीच ट्योडी पर्वतावर ग्र्यूनहॉर्न ही आपली पहिली कुटी बांधली. जर्मन आणि ऑस्ट्रियन मंडळे १८७३मध्ये एकत्र आली. त्यांच्या शाखा शहरवार होत्या आणि प्रत्येक शाखा एखाद्या दरीची जबाबदारी घेई, त्यामुळे ऑस्ट्रियातील टायरोलमध्ये कुट्यांना बर्लिन, ब्राउनश्वाइग अशा दूरच्या शहरांची नावे आढळतात.

आपल्या गरम जेवणाचे उत्तर बरेचसे येथे आहे. वेंट या दुर्गम गावचे धर्मगुरू फ्रान्झ झेन हे जर्मन मंडळाच्या संस्थापकांपैकी एक. गरीब दरीला पाहुण्यांमुळे मिळकत व्हावी हा त्यांचा ध्यास होता. प्रागचे व्यापारी योहान श्ट्यूड्ल यांनी १८६८मध्ये ग्रोसग्लोकनरखाली स्वखर्चाने कुटी बांधली आणि स्थानिक वाटाड्यांना संघटित केले. पाहुणे वाढले तशी कुटी चालवण्याचे काम हंगामापुरते एखाद्या कुटुंबाकडे सोपवण्याची पद्धत रूढ झाली. स्वयंपाक करणारे कोणीतरी तेथे राहू लागले, ते त्यातून घर चालू शकत होते म्हणून.

या इतिहासाची काळी बाजूही सांगितली पाहिजे, कारण पर्यटन-पुस्तिकांत ती सहसा दोन ओळींत उरकली जाते. शिखरावर कोणाचे छप्पर आहे, याला राष्ट्रवादाच्या काळात फार महत्त्व आले होते. १८९५मध्ये याकोब आल्याझ या धर्मगुरूंनी त्रिग्लाव शिखरावरील थोडी जागा विकत घेऊन तेथे पत्र्याचा लहानसा मनोरा बसवला. तो निवारा तर होताच, पण शिखर स्लोव्हेनियन लोकांचे आहे हे जर्मन भाषकांना बजावणेही त्यामागे होते. पहिल्या महायुद्धानंतर दक्षिण टायरोल इटलीकडे गेला आणि तेथील जर्मन-ऑस्ट्रियन मंडळाच्या कुट्या जप्त होऊन इटालियन मंडळाला मिळाल्या. १९२४मध्ये त्याच जर्मन-ऑस्ट्रियन मंडळाने व्हिएन्नाच्या ‘डोनाउलांड’ या बहुसंख्य ज्यू सभासद असलेल्या शाखेला बाहेर काढले. बाहेर काढलेल्या सभासदांनी आणि त्यांच्या बर्लिनमधील सहकाऱ्यांनी मिळून त्सिलरटालच्या डोंगरात फ्रीझेनबर्गहाउस ही कुटी उभारली. आज ती वास्तू असहिष्णुतेविरुद्धचे स्मारक म्हणूनही ओळखली जाते. संकटात कोणालाही आसरा देणारे दार, असे कुटीचे वर्णन आपण ऐकतो. ते दार काही काळ माणसे निवडून उघडत होते.

प्रतिसाद २ : उत्तरवारा

कडेकपारी यांनी आल्प्सविषयी सविस्तर लिहिले आहे, मी उरलेल्या प्रदेशांची भर घालतो. नॉर्वेच्या पदभ्रमण मंडळाची स्थापना १८६८ची आणि त्यांची पहिली कुटीही त्याच वर्षीची. तेथे मुख्य प्रश्न शिखराचा नव्हता. विस्तीर्ण पठार एका कुटीहून दुसऱ्या कुटीपर्यंत ओलांडायचे होते. कुट्यांची संख्या आज पाचशेच्या वर आहे, आणि एवढ्या विरळ वस्तीत प्रत्येक ठिकाणी माणूस नेमणे परवडणारे नाही. म्हणून तीन प्रकार झाले : कर्मचारी असलेल्या, शिधा भरून ठेवलेल्या आणि शिध्याविना असलेल्या. मधला प्रकार पाहण्यासारखा आहे. सभासदाला मिळणारी ठरावीक चावी अशा अनेक कुट्यांना लागते. आत फडताळात डबाबंद पदार्थ, कडक पाव, पिठे आणि कॉफी रांगेने मांडलेली असतात. घेतलेल्या प्रत्येक वस्तूची नोंद करायची, मुक्कामाचे शुल्क त्यात मिळवायचे आणि पैसे भरायचे. निघताना लाकडे फोडून चुलीशी रचायची, जमीन झाडायची, पाण्याच्या बादल्या रिकाम्या करायच्या. देखरेख करणारे कोणी नसते.

स्कीवाल्यांसाठी एक माहिती विशेष उपयोगाची आहे. ईस्टरच्या आधी मुख्य मार्गांवर बर्फात फांद्या रोवून वाट आखली जाते, त्यामुळे धुक्यातही एका फांदीवरून दुसरीकडे जाता येते. मात्र काही भागांतील कुट्या आणि वाटा रानटी रेनडिअरच्या विणीच्या काळात बंद ठेवतात. वसंतातला मार्ग आखताना हे लक्षात घ्यावे.

स्कॉटलंडमधील निवारे मुळात गिर्यारोहकांसाठी बांधलेलेच नाहीत. मेंढपाळांची आणि जमीनदारांच्या नोकरांची ही सोडून दिलेली घरे आहेत. १९६५मध्ये स्थापन झालेली एक स्वयंसेवी संघटना आज त्यांतील शंभराच्या आसपास निवाऱ्यांची डागडुजी करते, पण बहुतेकांची मालकी तिच्याकडे नाही. दार उघडे राहते ते मालकाच्या सौजन्याने. आरक्षण नाही, शुल्क नाही, त्यामुळे मोठ्या गटाने जाऊ नये आणि मुक्काम लांबवू नये, असा संकेत आहे.

न्यूझीलंडची कथा मला सर्वांत चमत्कारिक वाटते. युरोपीयांनी शिकारीसाठी आणलेली हरणे बेसुमार वाढली, डोंगरउतारांवरची झाडोऱ्याची चादर त्यांनी खाऊन संपवली, आणि मग सरकारला ती मारण्यासाठी पगारी शिकारी ठेवावे लागले. त्यांच्या राहण्यासाठी वनखात्याने दुर्गम खोऱ्यांत साध्या कुट्यांचे जाळे विणले. १९८७मध्ये संवर्धन विभाग स्थापन झाला आणि ते सारे त्याच्याकडे आले. आज त्याच्या देखरेखीखाली नऊशेहून अधिक कुट्या आहेत. १९९५मध्ये केव्ह क्रीक येथे या विभागाचाच निरीक्षण-मंच कोसळून चौदा जण मरण पावले, आणि त्यानंतर डोंगरातील बांधकामांची तपासणी फार कडक झाली.

कोलोराडोतील कुट्या मात्र थेट स्कीवाल्यांसाठी उभ्या राहिल्या. दुसऱ्या महायुद्धात तेथे डोंगरी युद्धाचे प्रशिक्षण घेतलेल्या अमेरिकेच्या १०व्या माउंटन डिव्हिजनच्या नावाने १९८०मध्ये संस्था निघाली. वास्तुविशारद फ्रिट्झ बेनेडिक्ट हे तिचे प्रवर्तक स्वतः त्या तुकडीत होते, आणि सुरुवातीच्या देणगीदारांत माजी संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅकनामारा होते. तेथे जागा आधी आरक्षित करावी लागते, स्वयंपाक आपला आपण करायचा आणि हिवाळ्यात पिण्याचे पाणी बर्फ वितळवून मिळवायचे.

प्रतिसाद ३ : तिरकी उतरंड

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे थेट उत्तर : नाही, नकाशावरील चिन्हावर विसंबू नये. उन्हाळी पदभ्रमणासाठी बांधलेल्या अनेक कुट्या शरद ऋतूत बंद होतात आणि थेट जूनमध्ये उघडतात. स्की-टूरिंगच्या मार्गावरील उंच कुट्यांत व्यवस्थापक साधारण मार्चच्या मध्यापासून मेच्या सुरुवातीपर्यंत असतो, कारण त्या काळात हिमनद्यांवरील बर्फाचा थर जाड असतो आणि दिवसही मोठे झालेले असतात. शामोनी ते झरमाट हा ‘ओत रूत’ नावाचा स्की-मार्ग याच आठवड्यांत केला जातो, आणि तेव्हा कुट्या इतक्या भरलेल्या असतात की आरक्षणाशिवाय निघणे शहाणपणाचे नाही. वादळात सापडलेल्याला कोणी बाहेर ठेवत नाही हे खरे, पण आळसाने आरक्षण न करणाऱ्याने त्या सवलतीवर हक्क सांगू नये.

व्यवस्थापक नसताना आधार असतो तो हिवाळी खोलीचा. बहुतेक मोठ्या आल्पाइन कुट्यांचा एक लहान भाग वर्षभर वापरता येतो : काही गाद्या, घोंगड्या, चूल, थोडी लाकडे आणि पैसे भरण्याची पेटी किंवा खाते-क्रमांक. ती उघडी आहे की तिला मंडळाची चावी लागते, हे प्रत्येक कुटीगणिक वेगळे असते आणि निघण्यापूर्वी विचारून घ्यावेच लागते. दार वाऱ्याने साचलेल्या बर्फाखाली पुरते गाडलेले असू शकते. अशा वेळी हिमस्खलनासाठी पाठीवर बाळगलेले फावडे आधी दार मोकळे करण्याच्या कामी येते, आणि दिवस मावळायला आला असताना ते काम वाटते त्यापेक्षा लांबते. आत गेल्यावरही भिंती गोठलेल्या असतात. चूल पेटली तरी पहिला तासभर सगळी ऊब बर्फ वितळवण्यातच जाते.

कुटीच्या जागेविषयीही एक सूचना. उन्हाळ्यात निर्धोक असलेली पायवाट हिवाळ्यात हिमस्खलनाच्या उतारावरून जात असू शकते. त्यामुळे कुटी सुरक्षित असली, तरी तिच्याकडे जाणारा शेवटचा उतार दुपारच्या उन्हात मऊ होण्याआधी ओलांडता येईल, अशा वेळेला निघावे.

केवळ संकटासाठी असलेल्या निवाऱ्यांना मुक्कामात धरू नये. मॅटरहॉर्नच्या हॉर्नली धारेवर ४,००३ मीटर उंचीवरील सोल्वे निवारा १९१५मध्ये बेल्जियन उद्योगपती एर्नेस्ट सोल्वे यांच्या देणगीतून बांधला गेला. त्यात दहा जणांची जागा आहे, आणि ती वादळात किंवा अपघातात अडकलेल्यांसाठी राखलेली आहे.

शिष्टाचाराविषयी फार लिहीत नाही. रात्री दहानंतर शांतता आणि पातळ झोपपिशवी सोबत असणे, एवढे आल्प्समध्ये बहुतेक ठिकाणी सारखे आहे. बुटांची खोली मात्र जपावी. पहाटे तीन वाजता डोक्यावरच्या दिव्याच्या उजेडात एकाच कंपनीचे, एकाच रंगाचे चाळीस जोड स्की-बूट फळीवर दिसतात, आणि आपला डावा बूट दुसऱ्याच कोणाच्या पायात हिमनदीवर निघून गेला तर दिवस वाया जातो. बुटांना ठळक रंगाची चिकटपट्टी लावून ठेवावी.

हिमरेषा :

तिघांचेही मनःपूर्वक आभार. एक शंका उरली आहे. माझ्याकडील मार्गदर्शक पुस्तक बरेच जुने आहे. कुट्या दगडी असल्या तरी त्यांच्या वाटा त्याच राहिल्या असतील का?

कडेकपारी :

वाटा राहिल्या नाहीत, आणि काही ठिकाणी कुट्याही राहिलेल्या नाहीत. स्वित्झर्लंडमधील आलेच हिमनदीवरील कोंकोर्डिया कुटी १८७७मध्ये बांधली तेव्हा ती बर्फापासून सुमारे पन्नास मीटर उंच होती. हिमनदी खचत गेली, आणि आज तेथे पोहोचण्यासाठी कड्याला ठोकलेल्या लोखंडी जिन्यांनी दीडशे मीटरहून अधिक चढावे लागते. हिमनदी आणखी खाली गेली की जिना खालच्या टोकाला वाढवत न्यावा लागतो. ट्रिफ्ट कुटीची वाट हिमनदीच्या जिभेवरून जात असे. ती जीभ वितळून तेथे तळे झाले, म्हणून २००४मध्ये झुलता पूल बांधावा लागला आणि २००९मध्ये त्याजागी अधिक लांब पूल आला. नंतर २०२१च्या हिवाळ्यात हिमस्खलनाने त्या कुटीचेच मोठे नुकसान झाले. मुटहॉर्न कुटी तर वरचा कडा सुटण्याच्या धोक्यामुळे २०२१पासून बंद ठेवावी लागली. खडकांच्या भेगांतील कायम गोठलेला बर्फ हा डोंगराचा सांधा धरून ठेवतो. तो सैल झाला की दगडी भिंत कितीही जाड असली तरी उपयोग नसतो.

नव्या बांधकामांतही हा बदल दिसतो. झुरिकच्या तंत्रविद्यापीठाने स्विस मंडळासह २००९मध्ये उभारलेल्या मोंते रोझा कुटीला ॲल्युमिनियमचे आवरण आणि सौरपट्ट आहेत, आणि उन्हाळ्यात वितळणारे पाणी खडकातील टाकीत वर्षभरासाठी साठवले जाते. इतक्या उंचीवर एवढा थाट कशाला, असे विचारणारे जुने गिर्यारोहक पुष्कळ आहेत आणि त्यांचा मुद्दा मला पुरता अमान्य नाही. पण हेलिकॉप्टरने इंधन चढवण्याचा खर्च पाहता, छपरावर वीज निर्माण करणे याला मी चैन म्हणणार नाही.

जुन्या पुस्तकातील उंची आणि अंतरे वापरावीत. वाट, हंगाम आणि पाण्याची सोय मात्र कुटीच्या व्यवस्थापकाला आदल्या आठवड्यात दूरध्वनी करून विचारावी. कुटीतील नोंदवहीत पुढचा मुक्काम आणि मार्ग स्पष्ट अक्षरांत लिहावा, कारण कोणी पोहोचले नाही तर बचावपथक शोध तेथूनच सुरू करते. बेत बदलून परस्पर दुसरीकडे उतरलात, तर ज्या कुटीत आरक्षण होते तिला त्याच संध्याकाळी कळवावे, म्हणजे तुमच्या शोधासाठी कोणाला रात्री बाहेर पडावे लागणार नाही.