‘विज्ञान हरले’ की ‘तंत्रज्ञान हरले’?

प्रश्न: कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीबद्दलच्या लिखाणात ‘बोंडअळीपुढे विज्ञान हरले’ अशी वाक्यं वाचायला मिळतात. इथे ‘विज्ञान’ बरोबर आहे, की ‘तंत्रज्ञान’ हवं? आणि जनुकीय अभियांत्रिकी या दोहोंपैकी कशात मोडते?

प्रतिसाद: ‘विज्ञान’ तर नक्कीच नको. आपला घोळ ‘शोध’ या शब्दापासून सुरू होतो. गुरुत्वाकर्षणाचाही शोध लागतो आणि वाफेच्या इंजिनाचाही. आधीपासून असलेलं उमगणं आणि नसलेलं घडवणं, दोन्हींना मराठीत एकच शब्द. म्हणून जे जे नवं दिसेल ते सगळं ‘विज्ञानाचा शोध’ होऊन बसतं.

जनुकीय अभियांत्रिकीचा उगम पाहिला की फरक कळतो. १९५०च्या आसपास काही जीवशास्त्रज्ञांना एक कोडं पडलं होतं. जिवाणूंवर वाढणारा विषाणू एका वाणाच्या जिवाणूंचा फडशा पाडतो, मग दुसऱ्या वाणापुढे त्याचं काही का चालत नाही? त्यांच्या डोळ्यांपुढे ना पीक होतं ना औषध. परक्या डीएनएचे तुकडे करणारी विकरं (एन्झाइम) जिवाणूंकडे असावीत, असं वर्नर आर्बर यांनी मांडलं. हे चुकीचंही ठरू शकलं असतं. हॅमिल्टन स्मिथ यांनी १९७० मध्ये असं एक विकर वेगळं काढलं आणि ते डीएनए ठरावीक जागीच कापतं हे पुढे दिसून आलं. इथवर विज्ञान. १९७३ मध्ये स्टॅन्ली कोहेन आणि हर्बर्ट बॉयर यांनी अशाच विकराची कात्री केली, वेगवेगळ्या ठिकाणचे डीएनए जोडले आणि ते जिवाणूत घालून वाढवून दाखवले. जनुकीय अभियांत्रिकी ती ही, म्हणजे तंत्रज्ञान. १९८२ मध्ये जिवाणूंकडून बनवून घेतलेल्या मानवी इन्सुलिनला औषध म्हणून मान्यता मिळाली.

वाट उलटीही असते, तंत्रज्ञानाकडून विज्ञानाकडे. कात्री हाती आल्यावर ‘हे जनुक बंद केलं तर काय होईल?’ असं थेट पेशीलाच विचारता येऊ लागलं. तेव्हा शब्द वेगळे ठेवावेत, पण त्यांच्यात भिंत घालू नये.

आता कपाशी. ‘बीटी’ हे बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचं संक्षिप्त नाव. त्याचं प्रथिन बोंडअळीच्या अल्कधर्मी आतड्यात सक्रिय होतं आणि आतड्याच्या पेशींना भोकं पाडतं. हे कळणं विज्ञान. ते जनुक कपाशीत बसवणं तंत्रज्ञान. त्या वाणांना भारतात परवानगी मिळाली मार्च २००२ मध्ये. शिवारभर एकच विष असेल तर ते पचवणाऱ्या अळ्याच मागे उरतील आणि वाढतील, हे भाकीत लागवडीच्या आधीच केलेलं होतं. ४५० ग्रॅमच्या बीटी पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगरबीटी बियाणं त्यासाठीच मिळायचं. ते कडेने लावायचं, म्हणजे विष न पचवणाऱ्या अळ्याही टिकतात आणि त्यांच्या पतंगांशी विष पचवणाऱ्यांचं मीलन होऊन प्रतिकारशक्तीचा जोर कमी राहतो. पण अळीला खाऊ घालण्यासाठी ओळी लावा म्हटलं तर शेतकरी का लावेल? हे त्याच्या बांधावर जाऊन, त्याच्या भाषेत पुरेसं सांगितलंच गेलं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यात फरदडीने, म्हणजे हंगाम संपल्यावरही कपाशी शेतात उभी ठेवण्याने, गुलाबी अळीला हिवाळा-उन्हाळाही अन्न पुरवलं. २०१७च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात बोंडं किडली तेव्हा विज्ञानाचं भाकीत तंतोतंत खरं ठरत होतं. हरलं ते तंत्रज्ञान वापरण्याचं नियोजन. ‘विज्ञान हरले’ लिहिलं की नियोजनाची जबाबदारी कोणाचीच राहत नाही. मला हे वाक्य खटकतं ते यामुळे.

दुसरा प्रतिसाद: ‘संकरित’ आणि ‘बीटी’ यांचीही अशीच सरमिसळ होते. बीटीमुळे दरवर्षी बियाणं विकत घ्यावं लागतं, असं गावोगाव म्हणतात. खरं कारण संकर, म्हणजे दोन वेगळ्या वाणांच्या मीलनातून बियाणं तयार करणं. संकरित झाडाच्या सरकीपासून पुढच्या पिढीत एकसारखी झाडं येत नाहीत, मग त्यात बीटी जनुक असो वा नसो. संकरित कपाशी आपल्याकडे १९७० पासून आहे, बीटीच्या तीन दशकं आधीपासून. सरळ, म्हणजे संकरित नसलेल्या, वाणात बीटी जनुक घातलं तर ते बियाणं घरचं ठेवता येतं.

प्रश्नकर्ता: आभार. मग ‘जनुक संपादन’ हे जनुकीय अभियांत्रिकीचंच नवं नाव का?

प्रतिसाद: अभियांत्रिकीच्या मोठ्या कुळातलंच ते, पण ‘जीएम’ला (जनुकीय बदल केलेल्या पिकांसाठीच्या संक्षिप्त नावाला) पर्याय म्हणून तो शब्द वापरू नका. बीटी कपाशीत परकं जनुक बाहेरून आणलेलं आहे. संपादनात वनस्पतीच्या स्वतःच्याच जनुकात नेमका बदल करून थांबता येतं. मार्च २०२२ मध्ये केंद्र सरकारने, अंतिम रोपात परका डीएनए उरत नसेल तर, अशा काही प्रकारांना जीएम पिकांच्या कडक नियमांतून वगळलं. म्हणजे शब्द बदलला की लागू होणारा कायदाही बदलतो. हैदराबादच्या भात संशोधन संस्थेने सांबा महसुरीपासून तयार केलेला, २०२५ मध्ये जाहीर झालेला ‘कमला’ हा वाण याच गटातला आहे. त्याला ‘जीएम भात’ म्हणणं चूक, ‘जनुकसंपादित भात’ म्हणावं.